परदेशात जन्मलेले फुटबॉलपटू भारताकडून खेळावेत का? माझं मत: हो, आणि त्यासाठी कायद्यात एक शब्द वाढवा

गोदाकाठचा_लेफ्टबॅक (गंगापूर रोड, नाशिक)

रायन विल्यम्सनं नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, तेव्हापासून गोल्फ क्लब मैदानावर काय आणि आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर काय, एकच वाद चाललाय: हा आपला की उसना? म्हणून सविस्तर लिहितोय.

रायन पर्थचा. आई मुंबईच्या अँग्लो इंडियन कुटुंबात जन्मलेली, आजोबा १९५०च्या दशकात राज्यांच्या संघांमधल्या संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. स्वतः इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथकडून खेळला, मग बंगळुरू एफसीत आला. ऑस्ट्रेलियाकडून २०१९ मध्ये एकच मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, त्यामुळे फिफाच्या नियमात देश बदलायला वाव होता. त्याच्या आधी इझुमी अराता. जपानमध्ये जन्म, वडील गुजराती, पुणे एफसीत खेळत असताना २०१२ मध्ये भारतीय नागरिक झाला आणि २०१३ मध्ये निळी जर्सी घातली.

दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. इझुमी नागरिक झाला तेव्हा तिशीत होता, रायन बत्तीसचा. हा योगायोग नाही, आपल्या कायद्याचा परिणाम आहे. नोंदणीनं नागरिकत्व घ्यायचं तर अर्जाआधी सलग १२ महिने भारतात राहावं लागतं. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा इंग्लंड-हॉलंडमधली अकादमी सोडून वर्षभर इथं कसा येणार? तो तिकडे धडपडतो, आणि उतरतीला लागला की आपल्याकडे येतो. ऐन भरातला खेळाडू आपण दारातच अडवतो.

दुहेरी नागरिकत्व द्या असं मी म्हणत नाही. सिंगापूर देत नाही, इंडोनेशियाही प्रौढांना देत नाही. तरी १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात आपल्याला २-१ हरवून आशिया चषकाच्या शर्यतीतून बाहेर काढणारे सिंगापूरचे दोन्ही गोल सॉंग उई-यंगचे होते. कोरियात जन्मलेला, सिंगापूरच्या लीगमध्ये वाढलेला, २०२१ मध्ये तिथला नागरिक झालेला. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला १-० हरवलं. त्यांच्या मधल्या फळीत इंग्लंडमध्ये जन्मलेला हमझा चौधरी आहे.

माझी मागणी एवढीच. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ६. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगतीसाठी विशेष सेवा केलेल्या माणसाला केंद्र सरकार वास्तव्याच्या अटीतून सूट देऊ शकतं. त्या यादीत क्रीडा नाही. तो शब्द घाला, आणि ही सूट ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मले त्यांनाच द्या. परका पासपोर्ट त्यांनी सोडायचाच. बाकी काही बदलू नका.

सातपूर_वसाहत

साफ असहमत, आणि भाऊ, तुझ्यावर राग नाही पण या विचारावर आहे.

आपल्याच जिल्ह्याकडे बघ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणायचा. सैन्यात गेला, तिथं पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्यानं होडी वल्हवायची शर्यत) तेरावा आला. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली. यांना शोधायला कुणी पर्थला गेलं नव्हतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर अशी किती पोरं धावतायत, त्यांच्यातल्या एकाच्या तरी पायाशी कुणी वेळेत फुटबॉल नेऊन ठेवला का?

उझबेकिस्तान घे. २०२३ ला वीस वर्षांखालील आशियाई विजेते, २०२५ ला सतरा वर्षांखालील, आणि २०२६ च्या विश्वचषकात पहिल्यांदा पात्र. स्वतःच्या अकादम्यांतली पोरं वर आणत आणत गेले. आणि आपल्या मुलींचं कुणी बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये चियांग माईत थायलंडला त्यांच्या घरात २-१ हरवून त्या आशिया चषकाला पात्र ठरल्या. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. नागरिकत्वाचा अर्ज नाही, वंशावळ नाही.

पंचवटी_१०

सातपूरकर +१. मुलींचा मुद्दा कुणीतरी काढायलाच हवा होता.

गोदाकाठचा_लेफ्टबॅक

मुलींचा अभिमान मलाही आहे, तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला. पण दादा, पेठच्या पोराला चेंडू मिळायचा तो राज्य सरकार, जिल्हा संघटना आणि शाळांकडून. दिल्लीत एक अर्ज लवकर निकाली निघाला म्हणून त्याचा चेंडू कोण काढून घेणार? ही दोन कामं एकमेकांच्या आड येतच नाहीत. मोरोक्को २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत गेला तेव्हा २६ पैकी १४ खेळाडू देशाबाहेर जन्मलेले होते, त्यांचा बचावपटू हकिमी तर माद्रिदचा. आणि त्याच मोरोक्कोनं घरी मोठी राष्ट्रीय अकादमीही उभारली. त्यांनी दोन्ही केलं.

कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाचं बघा. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या जवळ होतं, म्हणजे आपल्या दहाव्या हिश्श्याचा देश २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला, जवळपास सगळे खेळाडू हॉलंडमध्ये जन्मलेले. त्यांच्या आजीचं गाव ते बेट आहे म्हणून ते त्या बेटासाठी खेळतात. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

नाशिकरोड_वकील

कायद्याचा विषय निघालाय म्हणून थोडं नीट मांडतो. मी विरोधात आहे, पण देशप्रेमाच्या मुद्द्यावर नाही.

आधी एक गैरसमज. बरेच जण म्हणतात, ओसीआय कार्डवाल्यांना खेळू द्या, प्रश्न मिटला. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड. ते नागरिकत्व नाही, तो आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती आहेत. फिफाला कायमचं राष्ट्रीयत्व लागतं. शिवाय क्रीडा मंत्रालयाचं २००८ पासूनचं धोरणच आहे की भारतीय पासपोर्ट असेल तोच भारताकडून खेळणार. त्याआधी टेनिसमध्ये प्रकाश अमृतराज अमेरिकन पासपोर्टवर डेव्हिस चषक खेळला होता, ते दार तेव्हाच बंद झालं.

आता कलम ५. ज्याचे आई किंवा वडील स्वतंत्र भारताचे नागरिक होते त्याला १२ महिन्यांचं वास्तव्य लागतं. फक्त आजोबांच्या नात्यानं येणाऱ्याला आधी ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंद, आणि वर १२ महिने. २०१५ च्या दुरुस्तीनं विशेष परिस्थितीत मधे ३० दिवसांपर्यंतची सूट देता येते, म्हणजे एखादा परदेश दौरा निभावतो. लेफ्टबॅक म्हणतात ते इथवर बरोबर आहे, तरुण खेळाडूला हे अशक्यप्राय आहे.

पण वास्तव्याची अट काढली तरी तो येईल का? समजा बर्मिंगहॅमचा एकवीस वर्षांचा पंजाबी मुलगा. ब्रिटिश पासपोर्ट सोडला की तो तिथं परदेशी खेळाडू. तिथल्या क्लबकडून खेळायला परवाना, त्यासाठी गुण, आणि त्या गुणांमध्ये आपल्या देशाचं फिफा क्रमांकातलं स्थान मोजलं जातं. २०२५ च्या अखेरीस आपण १४०च्या पलीकडे होतो. त्याची रोजीरोटी जाईल. कलम ६ मध्ये शब्द घालून ते बदलत नाही.

दुसरं, कागद. मलेशियानं सात परदेशी खेळाडू आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याच्या दाखल्यांवर खेळवले. सप्टेंबर २०२५ मध्ये फिफानं ते दाखले बनावट ठरवले, महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड, खेळाडूंवर १२ महिन्यांची बंदी. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. १९३५ साली जालंधरजवळच्या खेड्यात जन्मलेल्या आजोबांचा दाखला कुठून आणणार? आणि आजोबा लाहोरला जन्मून फाळणीत इकडे आले असतील तर त्यांची जन्मभूमी फिफाच्या लेखी कोणती? जिथं कागद नसतो आणि गरज मोठी असते तिथं कागद तयार करणारे उभे राहतात. हे मी कोर्टात रोज बघतो.

देवळालीची_लेक

वकीलसाहेब, तुमचं कायद्याचं मान्य. पण वर कुणीतरी ग्रुपवरचा 'उसना' शब्द सांगितला तो मला खुपला.

रायनच्या आईचं कुटुंब अँग्लो इंडियन. ही माणसं नाशिककरांना अनोळखी आहेत का? देवळालीची बार्न्स शाळा १९२५ ला सुरू झाली ती मुंबईच्या याच समाजातल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत यांची घरं होती, ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. घाटात गाड्या यांनी चढवल्या. त्यांच्या पोरांनी हॉकी खेळली, फुटबॉल खेळला, आणि स्वातंत्र्यानंतर एकेक कुटुंब ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला गेलं. लोकसभेतल्या त्यांच्या नेमणुकीच्या दोन जागासुद्धा २०२० पासून संपल्या. त्यांच्यातला एक नातू आजोबांच्या देशासाठी खेळायला पासपोर्ट सोडून परत येतो, तेव्हा त्याला परका म्हणायचं? तो सोडतोय, घेत नाहीये. ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर जगात जिथं सहज जाता येतं तिथं आता त्याला व्हिसाच्या रांगेत उभं राहायचंय.

आणि जन्म परदेशात झाला हेच कारण असेल तर आपले प्रशिक्षक खालिद जमीलसुद्धा कुवेतमध्ये जन्मले. त्यांना कुणी विचारलं का?

सातपूर_वसाहत

ताई, खालिद जमील भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मले आणि मुंबईच्या मैदानांवर खेळले, महिंद्रा युनायटेडमध्ये घाम गाळला. ती तुलना बसत नाही. रायनबद्दल मात्र तुमचं म्हणणं मनाला लागलं. त्याला मी परका म्हणणार नाही. माझा विरोध धोरणाला आहे, माणसाला नाही.

सिडको_कोच

मी लहान मुलांना शिकवतो म्हणून जमिनीवरची गोष्ट सांगतो. कायदा, वंश, सगळं बाजूला ठेवा आणि नऊ नंबरचं, म्हणजे गोल मारणाऱ्या स्ट्रायकरचं बघा.

सुनील छेत्री जून २०२४ ला निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलावावं लागलं. का? कारण आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आपली सगळ्यात वरची लीग) क्लब सहा परदेशी घेतो, चार मैदानावर असतात, आणि त्यातला एक जवळपास नेहमी स्ट्रायकर. आपला पोरगा अठरा वर्षांचा होईपर्यंत नऊ नंबरवर गोल मारतो, मग क्लबमध्ये त्याला विंगवर ढकलतात नाहीतर बाकावर बसवतात. माझ्याकडच्या मोठ्या मुलांना मी स्वतः सांगतो की फुल बॅक (कडेचा बचावपटू) व्हायला शिका, स्ट्रायकर राहिलात तर जागा मिळणार नाही. असं सांगताना जीव तुटतो.

आता लेफ्टबॅकचा शब्द कायद्यात आला असं धरू. नागरिक झालेला खेळाडू भारतीय म्हणून गणला जाणार. मग क्लब चार परदेशी अधिक दोन नागरिक झालेले खेळवेल. पोराची उरलेली जागाही गेली. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, ते राष्ट्रीय संघापुरतं खरं असेल, लीगमध्ये नाही.

आणि लीग तरी कुठं धड आहे? २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूसुद्धा झाला नाही. वर्षभर इथं राहून खेळ म्हणून कुणाला सांगणार?

गोदाकाठचा_लेफ्टबॅक

सर, लीगमधल्या जागेचा मुद्दा आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार आहे, त्याला बगल देणार नाही. त्याचं उत्तर लीगच्या नियमात आहे: नागरिकत्व मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं क्लबच्या सामन्यात त्याला परदेशी कोट्यातच धरा. देशासाठी भारतीय, क्लबसाठी अजून नाही.

वकीलसाहेब, बर्मिंगहॅमचा मुलगा येणार नाही हे शक्य आहे. पण निर्णय त्याला घेऊ द्या. इंडोनेशियाचा कर्णधार जे इडझेस हॉलंडमध्ये जन्मला, इंडोनेशियाचा नागरिक झाला आणि इटलीत सासुओलोकडून खेळतो. सगळ्यांची रोजीरोटी जात नाही. आजोबांच्या दाखल्याचा धोका मात्र मी मान्य करतो. सुरुवात आई-वडिलांपासूनच करा, भारतीय पासपोर्टची नोंद परराष्ट्र खात्याकडेच असते, ती खोटी करणं सोपं नाही.

नाशिकरोड_वकील

आजी-आजोबा वगळलेत तर माझा अर्धा विरोध गेला. पण मग तुमच्या क्युरासाओच्या आज्याही गेल्या. आणि इंडोनेशियाचं पूर्ण सांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीकडून ३-२, इराककडून १-०, विश्वचषक हुकला, क्लायव्हर्ट यांची प्रशिक्षकपदावरून गच्छंती. एवढी माणसं आणूनही.

गोदाकाठचा_लेफ्टबॅक

ते विश्वचषक पात्रतेच्या चौथ्या फेरीत हरले, वकीलसाहेब. आपण दुसऱ्या फेरीतच बाहेर होतो. त्या हरण्यालाही मी आनंदानं तयार आहे.

सिडको_कोच

परदेशी कोट्यात धरायची अट लेखी आली तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण आधी ती अट, मग कायदा. उलट क्रमानं झालं तर अट कधीच येणार नाही.

गोदाकाठचा_लेफ्टबॅक

क्रमाची वाट बघताना खेळाडूचं वय थांबत नाही ना सर. इंग्लंडचा, भारतीय वंशाचा मायकल चोप्रा न्यूकॅसलकडून खेळलेला, भारताकडून खेळायची इच्छा त्यानं जाहीर बोलून दाखवली होती. २०१४ मध्ये केरळच्या क्लबकडून इथं येऊनही गेला. भारताकडून खेळणं झालंच नाही.

सिडको_कोच

वय माझ्या पोरांचंही थांबत नाही. या रविवारी सकाळी सातला संभाजी स्टेडियमवर या, सोळा वर्षांखालच्यांचा सराव आहे. त्यात दोन खरे नऊ नंबर आहेत. त्यांचा खेळ बघा आणि मग मला सांगा आधी काय व्हायला हवं.