जुन्या वेदनेसाठी मराठीतून मानसोपचार: ठाणे-नवी मुंबईत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या आईला आमवाताचा जुना आजार आहे. औषधांनी सांध्यांची सूज आटोक्यात आल्याचे डॉक्टर सांगतात, तरीही तिचे दुखणे कमी झालेले नाही. झोप तुटक झाली आहे आणि वेदना वाढेल या धास्तीने तिने कोपरीच्या बाजारात जाणे, भजनी मंडळ, सगळेच सोडून दिले आहे.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेत चिंता, नैराश्य, अपुरी झोप आणि हालचालीची भीती यांचा मोठा वाटा असू शकतो. मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-अधिक होतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यावर परिणाम करतात. म्हणजे मनाचा संबंध असला तरी वेदना खरीच असते. आमच्या नातेवाइकांना मात्र हे पटत नाही. "सगळे मनाचे खेळ" हे त्यांचे शब्द आईला इतके लागले आहेत की मानसोपचाराचा विषय काढताच, आपल्यावर कोणाचा विश्वास नाही, असे तिला वाटते, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे.

ठाणे, ऐरोली किंवा वाशी परिसरात दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांना मराठीतून कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारा मानसोपचार) देणारे आणि फिजिओथेरपिस्टशी समन्वय ठेवणारे केंद्र कोणास माहीत आहे का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर अशा रुग्णांसाठी मराठीतून समुपदेशन मिळाल्याचा अनुभव असल्यास तोही कळवावा. शिवाय, घरातील ज्येष्ठ व्यक्तीला न दुखावता आपण हा विषय कसा मांडलात, हे कृपया सविस्तर लिहावे.