शब्दचर्चा : सी, लुक, वॉच आणि आपली जागल

इयत्ता ९ वीच्या एका मुलाने वहीत लिहिले होते, ‘आय लुक्ड अ स्नेक इन द फील्ड.’ वावरात साप दिसला, एवढेच त्याला सांगायचे होते. शब्दकोशात सी, लुक आणि वॉच या तिन्ही क्रियापदांपुढे त्याला ‘पाहणे’ हा एकच अर्थ सापडला होता आणि तिघांपैकी कोणतेही उचलले तरी चालते, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. यात मुलाची चूक कमी आणि ‘पाहणे’ लिहून मोकळ्या होणाऱ्या कोशाची जास्त आहे, असे माझे मत आहे. कारण यवतमाळकडच्या ज्या कास्तकाराच्या घरात तो वाढला, तेथे हा भेद रोजच्या बोलण्यात पाळला जातो.

‘मला साप दिसला’ आणि ‘मी सापाकडे पाहिले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात कर्ता साप आहे, क्रियापद सापाप्रमाणे चालते, आणि माणसाने काही मुद्दाम केलेले नाही. साप आपण होऊन नजरेत आला. दुसऱ्यात माणसाने नजर वळवली आहे. इंग्रजीला ‘मला दिसला’ अशी रचना सोयीची नसल्यामुळे ती दोन्हीकडे ‘आय’ वापरते, परंतु पहिल्यासाठी सी आणि दुसऱ्यासाठी लुक घेते, आणि लुकमागे येणारे ‘अ‍ॅट’ आपल्या ‘कडे’चेच काम करते. ऐकू येणे आणि ऐकणे, म्हणजे हिअर आणि लिसन टू, यांचाही हिशेब असाच आहे. अपवाद एक सांगितलाच पाहिजे : ‘माय थकलेली दिसते’ या वाक्यातील ‘दिसणे’ भासण्याच्या अर्थाचे असल्यामुळे तेथे मात्र लुक येते.

उरला वॉच, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे ‘पाहणे’पेक्षा कितीतरी नेमका शब्द आहे. हरभरा भरात आला की रानडुकरे आणि रोही रात्री वावरात शिरतात, म्हणून घरातील कोणीतरी घोंगडे आणि टॉर्च घेऊन जागलीला जातो आणि मचाणावर बसून धुऱ्यापर्यंतची हालचाल पहाटेपर्यंत टिपत राहतो. जुन्या इंग्रजीत वॉचचा अर्थ जागे राहणे असाच होता, आणि झोपेतून जागे होण्याचा वेक हा शब्द त्याच मुळाचा आहे. ‘जागणे’वरून ‘जागल’ झाली, त्याच वाटेने वॉच पुढे आला. त्यामुळे जे हलते, बदलते, पुढे काय होईल म्हणून ज्यावर नजर ठेवावी लागते, ते वॉच केले जाते; सामना वॉच करतात, भिंतीवरचा फोटो नाही. वॉचमनला ‘जागल्या’ म्हटले तर मला ते भाषांतर वाटतच नाही.

लाय आणि ले, राइझ आणि रेझ, फॉल आणि फेल या जोड्यांची भीतीही अशीच अनाठायी आहे. कडुनिंब पडतो, माणूस तो पाडतो. संस्कृतातील पतति आणि पातयति यांचा हा वारसा आहे, आणि प्रयोजक (म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवून आणणारे) क्रियापद घडवण्याच्या त्याच जुन्या इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या समान पूर्वज भाषेतील, रीतीतून इंग्रजीच्या या जोड्या आल्या आहेत. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे पाडणे. लाय म्हणजे पडून राहणे, ले म्हणजे ठेवणे किंवा घालणे, म्हणून कोंबडी अंडी ‘लेज’. खरा खड्डा भूतकाळात आहे, कारण फॉलचा भूतकाळ फेल असा होतो, म्हणजे ‘पडला’साठीचे रूप ‘पाडणे’च्या मूळ रूपासारखे दिसते, आणि लायचा भूतकाळ ले होऊन तोच घोटाळा पुन्हा उभा राहतो. ‘वादळात झाड पडले’ येथे फेल, ‘त्याने झाड पाडले’ येथे फेल्ड. ‘आजोबा दिवसभर खाटेवर पडून होते’ येथे ले, ‘त्यांनी काठी खाटेवर ठेवली’ येथे लेड. (परीक्षेतल्या ‘फेल’चा यांच्याशी काही संबंध नाही, त्याचे स्पेलिंगही वेगळे आहे.)

लेंड आणि बॉरो यांची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे घरची भाषा मदत करत नाही. ‘उसने’ हा शब्द दोन्ही हातांत तोच राहतो आणि दिशा ‘देणे-घेणे’ सांगते, तर इंग्रजीत दिशा क्रियापदाच्याच पोटात असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ‘प्लीज बॉरो मी युवर सायकल’ अशी चिठ्ठी पाठवली होती. बॉरो म्हणजे उसने घेणे, त्यामुळे त्यांनी चिठ्ठी घडी घालून परत देत गंभीरपणे विचारले, “माझीच सायकल मी कोणाकडून उसनी आणू, गुरुजी?”

हे सांगितल्यावर त्याच मुलाने विचारले, “सर, मग मक्त्याने वावर देणे आणि घेणे यांनाही दोन शब्द असतील?” प्रश्न चांगला होता, आणि उत्तर नाही असे आहे : लीज दोन्हीकडे चालते, देताना पुढे ‘टू’ येते आणि घेताना ‘फ्रॉम’. मक्त्याच्या बाबतीत इंग्रजीही आपल्या ‘उसने’सारखीच वागते.