मदत हवी आहे: १४० पाउंडांचं हरीण दिलं, ३१ पाउंड मांस मिळालं. प्रोसेसरने मांस ठेवून घेतलं का?

ढगाळ_माळ
घाईत लिहितोय. शनिवारी परत त्या दुकानात जायचंय, त्याआधी काय बोलायचं ते ठरवायला हवं.

सीझन उघडला त्याच दिवशी हरीण मिळालं. पहिलीच शिकार. १४० पाउंडांचं होतं. त्याच दुपारी प्रोसेसरकडे (शिकार कापून पाकिटं करून देणारं दुकान) दिलं आणि काल घेऊन आलो. खोकं हलकं लागलं म्हणून घरी वजन केलं तर ३१ पाउंड. दोनदा केलं, तेवढंच. पैसे मात्र पूर्ण १३५ डॉलर घेतले. निदान ७० पाउंड तरी यायला हवं होतं ना? बाकीचं गेलं कुठे? कोणाला असा अनुभव आलाय का, आणि त्याला नेमकं काय विचारू?

उत्तरेची_थंडी
सरळ आहे, मांस ठेवून घेतलंय. आमच्या मिनेसोटात माझ्या साडूच्या बाबतीत हेच झालं. तो गेला, बिल दाखवलं, तावातावाने बोलला, आणि आतून दहा पाउंडांची आणखी एक पिशवी आली. "चुकून राहिली" म्हणाले. तुम्हीही जोरात बोला. गप्प बसलात तर पुढच्या वर्षी आणखी कमी मिळेल.

मिशिगनची_मावशी
थांबा, इतक्यात भांडायला जाऊ नका. आधी सांगा: राज्य कोणतं? नर की मादी? १४० हे वजन कधीचं? उभ्या जनावराचं, आतडी काढल्यावरचं, की सोलून डोकं-पाय काढून टांगल्यावरचं? आणि गोळी कुठे लागली? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. एवढं कळल्याशिवाय ३१ कमी की बरोबर हे कोणीही सांगू शकणार नाही.

तांबडा_रस्सा
मी कोल्हापूरचा, हरणातलं काही कळत नाही, पण खाटकाच्या दुकानात लहानपण गेलंय. आमच्याकडं २० किलोच्या बोकडाचं हाडासकट नऊ-दहा किलो मटण पडतं. ते हाडासकट हं. हाडं काढून द्या म्हटलं तर सहा-सात किलोवर येईल. तुम्ही ७० पाउंड म्हणताय, म्हणजे निम्मं. ते हाडासकटचं गणित झालं. तुम्हाला हाडं दिली का?

ढगाळ_माळ
हाडं नाहीत, सगळं बोनलेस. विस्कॉन्सिन, मॅडिसनच्या पश्चिमेला. तरुण नर, शिंगं लहान. १४० हे माझ्याबरोबरच्या मित्राने छातीभोवती टेप लावून काढलं.

पुण्याहून_वाचक
अमेरिकेत हरणाची शिकार कायदेशीर आहे का? आपल्याकडे तर काळवीट मारलं की तुरुंग. आणि मारायचं तरी कशाला, हेही कळलं नाही.

मिशिगनची_मावशी
पुण्याहून, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तर देते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, कारण तिथे प्राणी संपत चालले होते. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचं उलट आहे. लांडगे बहुतेक भागांतून नाहीसे झाले आणि हरणं वाढली. राज्य सरकार दर वर्षी टॅग (एका हरणाचा परवाना) देतं, शिकारीची नोंद करावी लागते. यावर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे या भावाचा प्रश्न राहून जाईल.

ढगाळ, टेप छातीभोवती लावली म्हणजे १४० हे जिवंत जनावराचं अंदाजी वजन. बिलावर "हँगिंग वेट", म्हणजे टांगल्यावरचं वजन, असा आकडा असेल. तो शोधा. पुढचं सगळं त्यावरून मोजता येतं.

हिल_कंट्री
टेक्सासातून. इथे नोव्हेंबरातही दुपारी उकडतं, त्यामुळे मी कोणाकडेच देत नाही, बर्फाच्या पेट्या घेऊनच जातो. जाता जाता, इथे आपलं चितळ आहे, खरंखुरं ठिपक्यांचं! १९३२मध्ये आणून सोडलं होतं, आता डोंगराळ भागात मोकळे कळप फिरतात. मांस पांढऱ्या शेपटीच्या हरणापेक्षा कितीतरी मऊ, आणि उग्र वास अजिबात नाही. कधी आलात तर जरूर खायला घालीन.

वास येत असेल तर रात्रभर ताकात ठेवा, सकाळी धुऊन आलं-लसूण लावा.

ढगाळ_माळ
वासाचा प्रश्नच नाहीये हो.

बिल सापडलं. हँगिंग ८४. म्हणजे १४० दिलं आणि त्याने ८४ लिहिलं?! इथेच ५६ पाउंड गेले!

पाकिटं आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून मोजली: पाठीचे पट्टे ३, स्टेक साडेचार, रोस्ट ६, खिमा साडेसतरा. एकूण ३१च.

मोजूनमापून
ते ५६ पाउंड कोणी घेतले नाहीत. आकडे मांडून दाखवतो.

आतडी-काळीज-फुप्फुस काढल्यावर हरणाचं वजन जिवंतपणीच्या साधारण ७८ टक्के उरतं. मग कातडं, डोकं, पाय गेले की टांगलेलं वजन येतं. आतडी काढलेल्या वजनाला १.३३ने भागलं की हा आकडा मिळतो. उलटं जाऊ: ८४ गुणिले १.३३ म्हणजे ११२, भागिले ०.७८ म्हणजे १४३. तुमच्या मित्राची टेप अगदी बरोबर होती आणि दुकानातला काटाही बरोबर आहे.

आता मांस. टांगलेल्या वजनाच्या ६७ टक्के हे निव्वळ मांस, तेही एकेक शीर स्वच्छ काढली आणि काहीच वाया गेलं नाही तर. ८४चे ५६ झाले. पण गोळीने नासलेला भाग, माती-केस लागलेला भाग, वाळलेली साल, हाडाला चिकटून राहिलेलं, हे धरलं की प्रत्यक्षात त्या ५६च्या ७० टक्के हातात येतात. म्हणजे ३९.

तेव्हा तुमचा प्रश्न ३९ अपेक्षित असताना ३१ का, एवढाच आहे. ७०चा हट्ट सोडा. दुकानात तो आकडा काढलात तर तिथल्या तिथे तुमचं म्हणणं हलकं पडेल.

उत्तरेची_थंडी
३९ आणि ३१मध्येही आठ पाउंडांचा फरक आहे! शंभरातल्या वीस जणांकडून आठ-आठ काढले तर किती होतात ते बघा. तुम्ही लोक आकडे मांडून दुकानदाराची बाजू घेताय.

मोजूनमापून
बाजू घेत नाही. रानातल्या हरणाचं मांस विकायला इथे बंदी आहे, त्यामुळे ते ठेवून घेऊन तो करणार काय? चोर म्हणण्याआधी बाकीची कारणं तपासायला हवीत. तुमच्या साडूंना पिशवी परत मिळाली, म्हणजे गर्दीत राहिलेलीही असू शकते.

उत्तरेची_थंडी
माणूस रागावला म्हणून ती सापडली. नसता रागावला तर?

मिशिगनची_मावशी
दोघंही जरा थांबा. ढगाळ, गोळी कुठे लागली ते तुम्ही अजून सांगितलं नाही. आणि मारल्यापासून दुकानात देईपर्यंत किती वेळ गेला?

ढगाळ_माळ
पुढच्या फऱ्यातून. आडवी गेली, दुसऱ्या फऱ्यातून बाहेर. जागेवरच पडलं, म्हणून मला वाटलं उत्तम नेम लागला. सकाळी आठला मारलं, तीनला दिलं. मधे ओढ्यातून अर्धा मैल ओढत आणलं.

हे सगळं महत्त्वाचं आहे हे माहीत नव्हतं.

मिशिगनची_मावशी
हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. दोन्ही फरे फुटले, म्हणजे तिथलं मांस रक्ताने काळं होऊन जेलीसारखं झालं असणार. प्रामाणिक खाटीक ते फेकूनच देतो, आणि द्यायलाच हवं. एवढ्या हरणाच्या एका फऱ्यातून चार-पाच पाउंड खिमा निघतो. पुढच्या वेळी फऱ्याच्या किंचित मागे, फुप्फुसावर. हरीण पन्नास-शंभर पावलं धावेल, पण फरे वाचतील.

गोळी शिशाची होती का? असेल तर तो भाग टाकला हे तुमच्याच भल्याचं. २००८मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठीच्या अन्नकेंद्रांतला हरणाचा खिमा शिशाचे कण सापडले म्हणून फेकायला लावला होता. जखमेपासून फूटभर लांबही कण जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. मी तेव्हापासून तांब्याच्या गोळ्या वापरते.

स्वतःच_कापा
मी दर वेळी हेच सांगतो आणि दर वेळी लोक पुढच्या वर्षी परत दुकानात जातात. घरी कापा! काही कठीण नाही. घडीचं टेबल, वर स्वच्छ प्लास्टिक, सहा इंची बोनिंगची सुरी, मोठी पातेली. मागच्या मांडीत प्रत्येक स्नायूभोवती पांढरा पडदा असतो. सुरी त्या पडद्यावरून चालवली की स्नायू अख्खा सुटून येतो, हाडाशी झटापट करावी लागत नाही. मान सोडू नका. दुकानात वेळ नसतो म्हणून मान आणि बरगड्यांमधलं मांस बहुतेक वेळा टाकून देतात, आणि तेच रश्श्याला सगळ्यात चवदार. पहिलं हरीण मला सात तास लागलं. आता अडीच.

तांबडा_रस्सा
मान टाकतात?! आमच्याकडं गर्दनीसाठी लोक सकाळी सातला रांगेत असतात.

नवा_फ्रीझर
खोकं मोठं असेल तर चेस्ट फ्रीझर घ्या, उभा नको. उभ्याचं दार उघडलं की गारवा खाली सांडतो. मी ७ घनफुटांचा घेतला, दोन हरणं बसतात.

ढगाळ_माळ
फ्रीझर आहे, धन्यवाद.

आता दुकानात फोन केला. आवाज चढवला नाही. मानेचं विचारलं. तो म्हणाला, "वेगळं सांगितलं तरच काढतो." फरे खरंच टाकले आहेत, फोटो काढून ठेवत नाही म्हणाला. खिम्यात दहा टक्के डुकराची चरबी आहे, ती मी फॉर्मवर मागितली होती, विसरलो होतो. म्हणजे साडेसतरातले पावणेदोन पाउंड हरणाचे नाहीतच.

पण यापुढे त्याने जे सांगितलं ते ऐकून बसायलाच झालं. गर्दी असल्यामुळे खिमा एकेका हरणाचा वेगळा करत नाहीत. पाच-सहा जणांचं मांस एकत्र दळतात आणि ज्याचं जेवढं गेलं तेवढ्या वजनाचा खिमा त्याला परत देतात. स्टेक आणि रोस्ट माझेच, खिमा सगळ्यांचा.

मी तीन तास थंडीत बसून, हात थरथरत असताना ते एक जनावर मारलं. घरी बायकोला म्हटलं होतं, हे आपलं, कुठून आलं, कसं जगलं ते ठाऊक असलेलं. आणि फ्रीझरमध्ये कोणाचं आहे तेच माहीत नाही. मला वजनापेक्षा हे जास्त लागलं.

मिशिगनची_मावशी
लागणारच. आणि आता मला वजनाची नाही, वेगळीच काळजी वाटते. मॅडिसनच्या पश्चिमेचं म्हणालात. तो सीडब्ल्यूडीचा पट्टा आहे. डोकं तपासायला दिलंत का?

पुण्याहून_वाचक
सीडब्ल्यूडी म्हणजे काय?

मोजूनमापून
क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे हरणाचा मेंदू झिजतो, वेड्या गायीच्या रोगाच्या जातीचा आजार. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला. शिजवून प्रायॉन मरत नाही. माणसाला झाल्याचं आजवर एकही उदाहरण नाही, पण चाचणी पॉझिटिव्ह आली तर ते मांस खाऊ नका असा आरोग्यखात्याचा सल्ला आहे. आजारी हरीण बरेच महिने अगदी धडधाकट दिसतं, म्हणून बघून कळत नाही.

ढगाळ_माळ
दिलंय. रविवारीच डोकं आणि मानेचा पाच इंचांचा तुकडा खात्याच्या पेटीत टाकला, चाचणी मोफत आहे. आज बारावा दिवस, निकाल यायचाय.

पण मग बाकी पाच जणांनी तपासलं असेल का? माझा निकाल चांगला आला तरी खिम्याबद्दल तो काय सांगणार?

आणि काल रात्री त्याच खिम्याचे मटार घालून केलेले पॅटिस मुलीने दोनदा मागून खाल्ले.

मिशिगनची_मावशी
बाळा, मुलीबद्दल जीव टांगणीला लावून घेऊ नका. माणसाला झाल्याची एकही नोंद नाही आणि हजारो घरांत न तपासलेलं मांस वर्षानुवर्षं खाल्लं गेलंय. पण उरलेला खिमा वेगळ्या पिशवीत बांधून वर तारीख आणि बिलाचा नंबर लिहा, तूर्त शिजवू नका. स्टेक-रोस्टसाठी तुमचा एकट्याचा निकाल पुरेसा आहे.

शनिवारी जाल तेव्हा एवढंच विचारा: त्या दिवशीच्या दळपात कोणकोणती बिलं होती, आणि त्यांतल्या कोणाचा पॉझिटिव्ह निकाल आला तर बाकीच्यांना कळवणार का? चांगला दुकानदार हो म्हणेल आणि वहीत लिहील. माझा खाटीक अशी वही ठेवतो.

उत्तरेची_थंडी
हे मला माहीत नव्हतं. आम्ही दर वर्षी समर सॉसेज करून घेतो. तेही एकत्रच असतं का?

मोजूनमापून
सॉसेज तर बहुतेक ठिकाणी एकत्रच. मोठ्या मिक्सरला ठरावीक वजनाखाली काही करता येत नाही. फॉर्म भरताना "माझं वेगळं करा" असं लिहून द्यावं लागतं, त्याचे जास्त पैसे पडतात. सरकारी आरोग्यखातंही वेगळं करून घ्या असंच सांगतं. दुकान नाही म्हणालं तर अख्खे तुकडे मागा आणि घरी दळा.

उत्तरेची_थंडी
ढगाळ, भांडायला जा म्हटलं होतं ते सोडा. हा प्रश्न विचारा. साडूलाही फोन करतो.

ढगाळ_माळ
मावशी, मोजूनमापून, खूप आधार वाटला. शनिवारी वजनाचं काहीच बोलणार नाही. वहीचं विचारतो, आणि खिमा मला नको, ठेवून घ्या असं सांगतो.

डिसेंबरातल्या मादीच्या शिकारीच्या चार दिवसांचा टॅग माझ्याकडे आहे. या वेळी फऱ्यामागे नेम धरेन. पण अपार्टमेंटमध्ये राहतो, गॅरेज नाही. मॅडिसनजवळ कोणाकडे टेबल आणि टांगायला जागा आहे का?

स्वतःच_कापा
मी व्हेरोनात आहे, तुमच्यापासून पंधरा मिनिटांवर. गॅरेजमध्ये कप्पी लावलेली आहे, दळायचं यंत्रही आहे. मिळालं की निरोप टाका, रात्री उशीर झाला तरी चालेल. डोक्याची पेटी वाटेत आहे, आधी तिथे थांबू. आणि मान मी तुम्हाला काढून दाखवतो.

तांबडा_रस्सा
मानेचा रस्सा कसा करायचा ते मी रात्री सविस्तर लिहितो. कांदा-खोबरं तिकडं मिळतं का, तेवढं सांगा.