मदत हवी आहे: मॅट कोटनंतर जीएमसी ट्रकवर पांढरी झाक (१/३५, रेड बॉल एक्सप्रेस)

नमस्कार मंडळी,

१/३५ प्रमाणातला माझा मॉडेल ट्रक जीएमसी सीसीकेडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन अडीच टनी सहाचाकी-ड्राइव्ह ट्रक, शेवटच्या टप्प्यावर येऊन अडलाय. ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मळकट हिरवा), ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर), डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची खुणांची चित्रं), तपकिरी ऑइल वॉश (खाचांत उतरणारा पातळ ऑइल रंग), इथवर सगळं मनासारखं झालं. काल संध्याकाळी एअरब्रशने लॅकरचा मॅट कोट, म्हणजे चकाकी घालवणारा शेवटचा पारदर्शक थर, मारला आणि बघता बघता बॉनेट, केबिनचं छत आणि हौद्याच्या फळ्यांवर पीठ भुरभुरावं तशी पांढरट झाक आली. दारं आणि फाळका त्यामानाने बरे आहेत. टायर, स्टेपनी आणि ताडपत्री सुटी रंगवली आहेत, त्यांना अजून मॅट कोट लावलेला नाही.

परिस्थिती सांगतो. मी चिपळूणचा. बाहेर पाऊस धो धो, खोलीतल्या हायग्रोमीटरवर हवेची आर्द्रता ८८ टक्के. कॉम्प्रेसर बिनटाकीचा, पण नळीतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप आहे. मॅट कोटची बाटली चांगली हलवून घेतली होती. पातळ करायला हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर.

मुख्य प्रश्न हाच की खालचा रंग न उतरवता ही झाक घालवता येईल का? दुसरं, बॉनेटवरच्या ताऱ्याच्या डिकॅलखाली एका कोपऱ्यात चंदेरी चकाकी दिसतेय. आणि तिसरं, धूळ-चिखलाचा रंग कोणता घ्यावा.

तिसऱ्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ट्रक रेड बॉल एक्सप्रेसमधला दाखवायचाय. नॉर्मंडीतून सुटलेलं अमेरिकन सैन्य इतकं झपाट्याने पुढे गेलं की पेट्रोल आणि दारूगोळा मागे राहिला. फ्रान्समधल्या रेल्वेची मित्रराष्ट्रांनीच बॉम्ब टाकून वाट लावलेली, म्हणून २५ ऑगस्ट १९४४ पासून सँ-लो ते शार्त्र अशी ट्रकची अखंड रांग सुरू केली. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, नागरी गाड्यांना बंदी. ऐन भरात सुमारे ६,००० गाड्या आणि दिवसाला १२,००० टनांच्या वर माल. १६ नोव्हेंबरला ही सेवा थांबली. चालकांपैकी साधारण तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. तेव्हाच्या अमेरिकन लष्करात वंशभेद पाळला जायचा, लढाऊ तुकड्यांऐवजी त्यांना बहुतेक करून वाहतुकीत आणि हमालीत टाकलेलं असे. नेमून दिलेली वेगमर्यादा त्यांनी फारशी जुमानली नाही, इंजिनाचा वेग अडवणारे गव्हर्नरसुद्धा काढून टाकले.

नेटवर या ट्रकची जी मॉडेलं दिसतात ती निम्मी भंगारातून उचलल्यासारखी गंजलेली असतात. मला ते पटत नाही. सीसीकेडब्ल्यूचं उत्पादनच १९४१ ते ४५, म्हणजे गाडी जेमतेम दोन-तीन वर्षांची. मडगार्डला पोचे, जेरीकॅन घासून उघडं पडलेलं हौद्याचं लाकूड, पेट्रोलचे ओघळ, हे हवं. गंज एक्झॉस्टपुरता पुरे.

प्रतिसाद:
आधी एक चाचणी करा. बोट पाण्यात बुडवून झाक असलेल्या जागी फिरवा. ओलं असताना खालचा हिरवा रंग नीट दिसला तर झाक फक्त पृष्ठभागाच्या खरखरीतपणाची आहे, वरून पातळ ग्लॉस कोट मारला की जाते. ओलं करूनही पांढरंच राहिलं तर ओल थराच्या आत अडकली आहे आणि उपाय वेगळा.

धागाकर्ता:
केली. दार आणि फाळक्यावरची ओलं केल्यावर पूर्ण नाहीशी होते. बॉनेट आणि छतावर मात्र ढगाळच राहते.

प्रतिसाद:
मग दोन्ही प्रकार आहेत. एनसी थिनर भसाभस उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथेच थरात धरली जाते. मॉइश्चर ट्रॅप फक्त नळीतलं पाणी अडवतो, खोलीतल्या हवेचं तो काय करणार! फर्निचरवाल्यांकडेही हेच होतं, पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडतं म्हणून ते थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे वाळणं हळू करणारं द्रव, घालतात.

बॉनेट आणि छतावर रिटार्डर असलेलं मॉडेलचं लॅकर थिनर, म्हणजे लेव्हलिंग थिनर, नुसतंच फवारा. दाब कमी, हात लांब, अगदी धुक्यासारखं. थर किंचित मऊ होऊन ओल बाहेर पडते. एकदम ओलं करू नका, खालचा ऑइल वॉश हलेल. आधी चासीच्या खालच्या बाजूला, पाट्यांजवळ करून बघा, तिथे बिघडलं तरी कोणाला दिसत नाही. एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठेवा, ते प्लास्टिकही खातं.

त्यानंतर सगळीकडे ग्लॉस. शेवटचा मॅट कोट एसीच्या खोलीत मारा, पण एसी आधी तासभर चालू ठेवून. मारताना मास्क लावा आणि खिडकीपाशी पंखा बाहेरच्या दिशेने लावा.

प्रतिसाद:
ताऱ्याचं सांगतो. चंदेरी दिसतेय ती डिकॅलखाली अडकलेली हवा. नव्या ब्लेडच्या टोकाने त्या कोपऱ्यात बारीक भोकं पाडा, वरून डिकॅल सॉफ्टनरचा (डिकॅल मऊ करणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडा आणि हात लावू नका. आधी सुरकुत्या पडतील, घाबरू नका, वाळताना बसतात. पण त्यावर आता मॅट कोटचा थर आहे, त्यामुळे लेव्हलिंग थिनर मारून झाल्यावर आणि ग्लॉसच्या आधी हे उरका. आणि बॉनेटवरच्या ताऱ्याभोवती पांढरं कडं आहे ना? विमानातून आपली गाडी ओळखू यावी म्हणून ते असे.

धागाकर्ता:
कडं आहे. लेव्हलिंग थिनर मागवतो. चिखलाचं कोणी बोललंच नाही!

प्रतिसाद:
चिखलाचं एकच सांगणं, खिडकीबाहेर बघून रंग घेऊ नका. आपल्या कोकणातली तांबडी माती त्या चाकांना लागली तर ट्रक शार्त्रऐवजी परशुराम घाट उतरून आल्यासारखा दिसेल. शार्त्रच्या आसपास चुनखडीचं पठार आहे, तिथली धूळ फिकट, पिवळट-करडी. बफमध्ये (फिकट पिवळट रंग) थोडा फ्लॅट अर्थ (मातकट तपकिरी) मिसळा, फार पातळ करा आणि मागच्या जोडचाकांवर, फाळक्यावर, हौद्याच्या खालच्या कडेला जास्त मारा. पुढची गाडी धूळ उडवते, त्यामुळे रेडिएटरच्या जाळीवर आणि काचेवरही हवी, वायपरचा अर्धगोल तेवढा स्वच्छ ठेवा.

ऑगस्ट-सप्टेंबर दाखवायचा असेल तर एवढं पुरे. ऑक्टोबर-नोव्हेंबर घेतलात तर तिकडे पाऊसच पाऊस होता, मग तोच रंग गडद करून ओला चिखल करावा लागेल. महिना आधी ठरवा. धूळ आणि ओला चिखल दोन्ही एकाच गाडीवर थापलेले बघितले की माझं डोकं फिरतं.

धागाकर्ता:
सप्टेंबर. ताडपत्री गुंडाळून हौदाभर जेरीकॅन ठेवणार आहे. पुण्या-मुंबईत लेव्हलिंग थिनर कुठल्या दुकानात हातोहात मिळतं का? कुरियरवाले ज्वलनशील म्हणून परत पाठवतात.