स्वीडनमध्ये गे + भारतीय आडनाव, नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढावी का?

गोथेनबर्गकर_सांगलीवाला:

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, मास्टर्सला इकडे आलो आणि गोथेनबर्गलाच राहिलो, आता एका ऑटोमोटिव्ह सप्लायरकडे टेस्ट इंजिनियर आहे. पीआर मिळालाय. पार्टनर स्वीडिश आहे, सांबो म्हणून, म्हणजे लग्न न करता, एकत्र राहतो, घरी फक्त बहिणीला माहितीये. ऑफिसात कोणालाच सांगितलेलं नाही. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं पण साडेनऊच्या फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीला, सगळे जण वीकएंडला बायकोमुलांबरोबर काय केलं ते सांगतात आणि माझी पाळी आली की मी "काही विशेष नाही" म्हणून परत कॉफी आणायला उठतो, आणि याचा आता खरंच कंटाळा आलाय. टीम लीडची जागा दोनदा निघाली, मी दोन्ही वेळा अर्ज केला, दोन्ही वेळा माझ्यानंतर लागलेल्या माणसाला मिळाली. कारण विचारलं तर म्हणे टीमशी तुझं अजून तेवढं जमलेलं वाटत नाही. आता हे आडनावामुळे, की मी गप्प असतो म्हणून, की माझं स्वीडिशच कच्चं आहे, कळायला मार्ग नाही.

पार्टनर म्हणतो सोड, एफ-स्काट (स्वतंत्र व्यावसायिक म्हणून कर-नोंदणी) घे, कन्सल्टन्सी काढ, कोणाला उत्तर द्यायला नको. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, धंद्यात हा त्रास खरंच कमी होतो का? आणि इथे यावर अभ्यास वगैरे झालेत का?

माल्मोची_अन्नपूर्णा:

अरे दादा, माझं लग्न झालंय, नवरा पण मराठीच, त्यामुळे तुझ्या एका बाजूचं मला काही बोलता येणार नाही. पण धंद्याचं बोलते. मी शिकले फूड टेक्नॉलॉजी, इथे अर्ज करकरून थकले, निम्म्या ठिकाणाहून साधी नकाराची मेलही नाही. मग लंच रेस्टॉरंट काढलं. लोक कौतुक करतात, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलीस म्हणून. पण खरं सांगू का, मी हौसेनं नाही काढलं, नोकरी मिळेना म्हणून काढलं. माझ्या गल्लीत पिझ्झेरियावाला इराकी आहे, तो इंजिनियर. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचीही तीच गत.

आणि त्रास संपत नाही, फक्त समोरचा माणूस बदलतो. कर्जाला बँकेत गेले तर सगळे कागद बघून झाल्यावर नवऱ्याची सॅलरी स्लिप मागितली. जागा भाड्याने देणाऱ्याला तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांचं डिपॉझिट हवं होतं, शेजारच्या स्वीडिश न्हाव्याला तीनच. अकरा ते दोन गर्दीत मान वर करायला फुरसत नसते आणि संध्याकाळी हिशेब. आजारी पडले तर त्या दिवशी शटर खाली, कमाई शून्य. तुला पगार येतोय तोवर नीट विचार कर. आगीतून फुफाट्यात नको पडूस.

वेक्षोचा_वाचक:

अभ्यास झालेत आणि चांगले झालेत. वेक्षोच्या लिनेयस युनिव्हर्सिटीत अली अहमद, मॅट्स हॅमरस्टेड वगैरे मंडळींनी यावरच बरंच काम केलंय, मी त्याच विषयात मास्टर्स केलं म्हणून जरा लांबण लावतो.

आधी नावाचं. २००५-०६ साली कार्लसन आणि रूथ या दोघांनी स्टॉकहोम आणि गोथेनबर्गमध्ये अगदी सारख्या योग्यतेचे खोटे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले, फरक फक्त नावात, एक स्वीडिश आणि एक मध्यपूर्वेतलं. स्वीडिश नावाला मुलाखतीची बोलावणी साधारण दीडपट आली. दुसऱ्या एका अभ्यासात ज्या परदेशी लोकांनी १९९०च्या दशकात आडनाव बदलून स्वीडिश वाटेल असं घेतलं त्यांची कमाई नंतर वाढलेली दिसली, माणूस तोच, शिक्षण तेच. मला हे वाचून आजही राग येतो.

आता गे असण्याचं. तिथेही अर्ज पाठवूनच बघितलं, २०१३ साली छापलं गेलं. गे पुरुषाला फटका बसला तो पुरुषांचा भरणा असलेल्या कामांत, आणि लेस्बियन बाईला बायकांचा भरणा असलेल्या कामांत, आणि तोही मुख्यतः खासगी क्षेत्रात. तुझं टेस्ट इंजिनियरिंग बघ कुठे बसतं. पगाराच्या आकड्यांत गे पुरुष इतर पुरुषांपेक्षा मागे दिसतात, लेस्बियन बायका मात्र इतर बायकांपेक्षा तशा मागे नाहीत. पण एक लक्षात घे, सरकारी रजिस्टरमध्ये कोण गे आहे असा रकाना नसतो. संशोधकांनी माणसं शोधली ती १९९५पासूनच्या नोंदणीकृत पार्टनरशिपवरून आणि २००९नंतरच्या लग्नांवरून. म्हणजे आधीच उघडपणे जगणारी जोडपी. फिकाला गप्प बसणारा सांगलीवाला त्या आकड्यांत नाहीच.

आणि तुझ्या प्रश्नाचा गाभा मला इथे वाटतो. नाव सीव्हीवर पहिल्याच ओळीत असतं, त्याचा फटका दारातच बसतो आणि तू ते दार ओलांडलंयस. दुसरी गोष्ट तू सांगेपर्यंत दिसत नाही, पण न सांगण्याचीही किंमत आहे, कारण इथे बढती फिकाच्या टेबलावरच्या ओळखीतून पिकते. कन्सल्टंट झालास तर पहिलं दार दर नव्या क्लायंटकडे नव्याने ओलांडावं लागेल. ताईंनी बँकेचं लिहिलं तेही एकटीचं नाही, युरोपबाहेरून आलेल्या व्यावसायिकांना कर्ज जास्त वेळा नाकारलं जातं आणि व्याजही जास्त लागतं, असं हॅमरस्टेड वगैरेंच्या सर्व्हेत आलंय.

स्टॉकहोम_मीरा:

"लेस्बियन बायका मागे नाहीत" हे वाक्य मी फार ऐकलंय आणि प्रत्येक वेळी खटकतं. मी आणि माझी बायको दोघी आयटीत. आमची तुलना होते ती मुलं झाल्यावर ज्यांचा पगार अडकून राहिला त्या बायकांशी, आणि तिथे आम्ही बऱ्या दिसणारच, कारण घर चालवायचं तर दोघींनाही पूर्णवेळ राबावं लागतं. घरात दोन्ही पगार बायकांचेच हे कुठल्या तक्त्यात ठळक दिसत नाही.

मूळ प्रश्नावर: मी ऑफिसात सांगितलं. एका सोमवारी फिकाला सगळ्यांसारखंच बोलले, "मी आणि माझी बायको मशरूम गोळा करायला गेलो होतो." दोन सेकंद शांतता, मग एकाने विचारलं कांतारेल (इथली पिवळी मशरूम) मिळाली का. बस एवढंच. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही, गोदामात काम करणाऱ्या माझ्या एका मित्राचा अनुभव अगदी वाईट आहे. पण तू इतकी वर्षं जे ओझं वागवतोयस ते कन्सल्टन्सीत उतरणार नाही रे, क्लायंटकडे पण फिका असतोच.

गोथेनबर्गकर_सांगलीवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. मीरा, तुझं वाचून बराच वेळ काही सुचलंच नाही. नोकरी लगेच सोडत नाही एवढं ठरलं. पण स्वतःचं काही करून बघायची इच्छाही खरी आहे, ती निव्वळ पळवाट नाही. मधला काही मार्ग?

कायदेवाला_उप्साला:

आहे की. इथे कायद्यानेच स्वतःचा धंदा सुरू करायला सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. त्या कंपनीत शेवटचे सहा महिने, किंवा दोन वर्षांत मिळून बारा महिने काम केलेलं हवं, तीन महिने आधी कळवायचं, आणि कंपनीच्या कामात मोठी अडचण येता कामा नये. एका एम्प्लॉयरकडे एकदाच मिळते, आणि धंदा त्यांच्याशी स्पर्धा करणारा नको, त्यामुळे त्यांच्याच गिऱ्हाइकांना टेस्टिंग विकायचं डोक्यात असेल तर ते विसर. एन्शिल्ड फिर्मा, म्हणजे स्वतःच्या नावावरची फर्म, काढलीस तर भांडवल दाखवावं लागत नाही, लिमिटेड कंपनीला २५,००० क्रोनर लागतात. आ-कासा, म्हणजे बेकारी भत्ता, मात्र धंदा बंद किंवा स्थगित केल्याशिवाय मिळत नाही, ते आधी विचारून घे.

आणि बढतीचं सोडू नकोस. २००९च्या भेदभावविरोधी कायद्यात वंश आणि लैंगिक कल दोन्ही आहेत. अर्ज करूनही जागा मिळाली नाही तर ज्याला मिळाली त्याचं शिक्षण आणि अनुभव लेखी मागायचा तुला हक्क आहे. युनियनचा मेंबर असशील तर आधी त्यांच्या लोकल प्रतिनिधीला भेट, मेलचा मसुदा ते बघून देतात. दोन्ही वेळच्या जाहिराती आणि तुझे अर्ज जपून ठेवलेत ना?

गोथेनबर्गकर_सांगलीवाला:

दुसरा आहे, पहिला शोधतो. युनियनला उद्याच मेल करतो.