आउटबोर्डच्या ब्लॉकमधले आटे गेले: एम १० करू की कॉइल बसवू?

मांडवीकाठ:
४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बसणारं इंजिन), होडी बेतीला, पावसामुळे वर काढलेली. हेड गॅस्केट (सिलिंडरचं झाकण आणि ब्लॉक यांच्यामधली सील) बदलून आवळताना एक एम ८ (८ मिमी) बोल्ट टॉर्क न घेता फिरतच राहिला. काढला तर आट्यांत ॲल्युमिनियमची तार गुंडाळून आली. एक मेकॅनिक म्हणतो एम १० टॅप (आटे पाडायचं हत्यार) मार, दुसरा म्हणतो एपॉक्सी भर आणि त्यातच आटे पाड. काय करू?

आटेवाला:
एपॉक्सीचा विचार सोडा. हेडच्या बोल्टवर सततचा ताण, वर उष्णता आणि थरथर. एखाद्या झाकणाला चालेल, इथे नाही.

एम १० मध्ये अडचण ब्लॉकची नाही, हेडची आहे. हेडचं भोक, गॅस्केटचं भोक दोन्ही वाढवावी लागतात आणि एकच बोल्ट वेगळ्या मापाचा झाला की सगळीकडे सारखा दाब येत नाही. शिवाय आटे पुन्हा मऊ ॲल्युमिनियममध्येच.

हेलीकॉइल बसवा, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी; ती मोठ्या आट्यांत बसते आणि आतून पुन्हा एम ८ चे आटे देते. एम ८ x १.२५ (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत), लांबी १६ मिमी, म्हणजे व्यासाच्या दुप्पट. तेवढी खोली नसेल तर १२ चालेल. ड्रिल ८.३ किंवा ८.४. टॅप मात्र किटमधलाच, साधा एम ८ नव्हे. तो बाहेरून साधारण ९.६ मिमी असतो, म्हणून हेड काढूनच काम. आधी भोकाभोवती भिंत किती उरते ते बघा, शेजारी वॉटर जॅकेट (थंड करणाऱ्या पाण्याची वाट) आहे.

सिलिंडर, पोर्ट आणि पाण्याच्या वाटांत चिंध्या कोंबा. बिटाला ग्रीस लावलं की बुरादा चिकटून राहतो. जुनं भोक बिटाला वाट दाखवतं, पण हातातलं ड्रिल कलतंच. जाड पट्टीत ८.४ चं सरळ भोक पाडून ती मार्गदर्शक म्हणून ब्लॉकवर क्लॅम्प करा. गती कमी, रॉकेल भरपूर. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव मागे, दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून साफ. शेवटी हवेने भोक कोरडं करा. बंद भोकात रॉकेल किंवा तेल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर दाबाने ब्लॉकच फुटू शकतो.

कॉइल पृष्ठभागाच्या अर्धा ते एक आटा खाली बसली पाहिजे. तिच्या खालच्या टोकाची आडवी शेपटी पंचने हलका ठोका देऊन तोडा आणि चिमट्याने काढा. आत राहिली तर बोल्ट तिच्यावर टेकतो, टॉर्क दिसतो पण हेड आवळलेलं नसतं.

खारंपाणी:
सगळं बरोबर, एक भर. स्टेनलेस कॉइल, ॲल्युमिनियम ब्लॉक आणि खारं पाणी म्हणजे गंजाला आमंत्रण. नुसती पुसून बसवू नका. कॉइलच्या बाहेरून झिंक क्रोमेट (गंजरोधक प्राइमर) लावा, ओलं असतानाच बसवा. कॉपर ग्रीस या जोडीत अजिबात नको, तांबं ॲल्युमिनियमला आणखी खातं.

आणि आटे कशामुळे गेले, हेही शोधा. बोल्टवर पांढरी भुकटी होती का? ती ॲल्युमिनियम ऑक्साइड, फुगून आट्यांत अडकते आणि बोल्ट काढतानाच आटे ओरबाडते. किंवा जाड वॉशर टाकल्यामुळे बोल्ट कमी आत जातो. बोल्टचा ब्लॉकमध्ये जाणारा भाग मोजा, १६ मिमीच्या आसपास हवा. टॉर्क मॅन्युअलमधला, तीन टप्प्यांत, मधल्या बोल्टपासून बाहेरच्यांकडे. मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही ग्रीस लावलं, तर तो साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करा.

मांडवीकाठ:
आभार. भुकटी होतीच. कॉइल बसवली, पण बोल्ट हाताने तीन आटे जातो आणि अडकतो. जोर लावू?

आटेवाला:
नको! कॉइल एक आटा उडी मारून बसली आहे. बसवताना टूल खाली दाबलं की असं होतं. तिला नुसतं फिरवायचं, ती स्वतः ओढून घेते. तिकोनी कानशीचं टोक घासून धारदार करा, वरच्या आट्यात रुतवून उलटं फिरवा, निघून येईल. ती कॉइल फेका, नवी घ्या. त्याआधी टॅप एकदा हाताने फिरवून आटे साफ करा, नवा बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी गेला तरच हेड चढवा. चढवण्यापूर्वी भोकाच्या तोंडाची कड उचललेली नाही ना, हे सरळ पट्टी ठेवून तपासा. असेल तर मोठ्या बिटाने हातानेच हलकी कातरा, नाहीतर नवी गॅस्केट तिथूनच गळेल.