गच्चीवर दाखवायला जुनी, अचाट कार्टून्स सुचवा (बजेट ५०० रुपये)

चिंगूची_मावशी: शनिवारी सोसायटीतल्या पोरांना १९३५च्या आधीची कार्टून्स दाखवायची आहेत. अर्ध्या तासाचा मामला. लॅपटॉप, उसना प्रोजेक्टर आणि चादर आहे. पोरं ६ ते १० वर्षांची. काय लावू?

पडदानशीन: आधी चादर काढा. मी ४५ हजारांचा प्रोजेक्टर घेतलाय, काळा रंग काय दिसतो म्हणून सांगू!

शाईचा_डाग: अमेरिकेतल्या कार्टूनवाल्या फ्लायशर बंधूंचं १९३३चं 'स्नो-व्हाइट'. डिस्नेच्या चार वर्षं आधीचं, जेमतेम सात मिनिटांचं. कोको विदूषकाचं भूत होतं, पाय लांबच लांब होतात, गाता गाता तो दारूची बाटली बनतो. चाल मात्र खऱ्या माणसाची, कारण जॅझ गायक कॅब कॅलोवेच्या नाचाचं चित्रीकरण करून त्यावरून चित्रं गिरवली होती.

गुपचूप: 'स्नो-व्हाइट'च. डिस्नेचं नव्हे, फ्लायशरांच्या नायिकेचं, बेटी बूपचं.

काकडे_काका: आवाजाचं पहिलं कार्टून 'स्टीमबोट विली', १९२८. तेच दाखवा.

शाईचा_डाग: काका, पहिलं नाही हो. फ्लायशरांचं 'माय ओल्ड केंटकी होम' १९२६चं.

काकडे_काका: ते पाहिलं किती जणांनी?

वैतागराव: अमेरिकेहून ब्लू-रे मागवू नका. भाचीने हौसेने आणली, माझा प्लेअर म्हणतो झोन वेगळा. आता डिस्कवर चहाचा कप ठेवतो.

रात्रपाळी: ताई, 'बिम्बोज इनिशिएशन' (१९३१) टाळा. बिम्बो नावाचा कुत्रा मॅनहोलमध्ये पडतो, खाली डोक्यावर मेणबत्त्या लावलेली टोळी. आमच्या धाकट्याने रात्रभर जागवलं. आणि काहीही लावण्याआधी स्वतः पाहून घ्या, तेव्हाच्या कार्टून्समध्ये काळ्या लोकांची ओंगळ थट्टा मध्येच येते. १९३०पर्यंतची बरीचशी इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात.

काकडे_काका: आपल्या फाळक्यांनी १९१५ला काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या, 'आगकाड्यांची मौज'. त्याचं कुणाला काही नाही!

रात्रपाळी: मग लिंक द्या की काका.

चिंगूची_मावशी: सगळ्यांचे आभार. ठरलं: अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅकेचं 'गर्टी द डायनोसॉर', १९१४. तो स्वतः रंगमंचावर उभा राहून गर्टीला हुकूम सोडायचा, ती कधी ऐकायची, कधी रुसून रडायची. चादरीशेजारी मी उभी राहणार, हुकूम मराठीत. सुरुवातीची माणसांची गोष्ट कापतेय. उरलेल्या वेळात फेलिक्स मांजर. ५०० रुपयांचे वडे.

पडदानशीन: चादरीवर गर्टीच्या रेघा फिक्या दिसतील. माझ्या प्रोजेक्टरचा मॉडेल नंबर व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवतो.